नोंद फसली, पण नंबर उरला : डेटाबेसमधली फसलेली नोंद आणि ऑब्जेक्टचा आयडी



प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चालू असते. मुलाने 'शाळा व्यवस्थापन' नावाचं सॉफ्टवेअर केलेलं असतं. परीक्षक पडद्यावरचा तक्ता बघतात आणि विचारतात, "८९९, ९०० आणि एकदम ९०२? मधला ९०१ कुठे गेला?" मुलगा गडबडतो. उत्तर येत नाही म्हणून दोन गुण जातात. मग तो 'दुरुस्ती' करून आणतो : टेबलमधला सर्वात मोठा नंबर शोधायचा, त्यात एक मिळवायचा आणि तो नव्या नोंदीला द्यायचा. आता नंबर ओळीने येतात, परीक्षक खूश. पण त्या दिवसापासून त्या प्रोग्रॅममध्ये एका मुलाची नोंद दुसऱ्या मुलाच्या नोंदीवर लिहिली जाण्याची सोय झालेली असते.

आजचा पाठ त्या ९०१ बद्दल आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांची मुलं डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी संगणक किंवा इंजिनिअरिंगला आहेत त्यांच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणारच. आणि आपण शिक्षक तर प्रोजेक्ट तपासायला बसतोच.

ऑब्जेक्ट आणि ओळ

आधी दोन शब्द पक्के करू. जावा, पायथॉन यांसारख्या भाषांत आपण 'विद्यार्थी' नावाचा ऑब्जेक्ट तयार करतो. त्यात नाव, जन्मतारीख, इयत्ता असे रकाने असतात. हा ऑब्जेक्ट संगणकाच्या मेमरीत राहतो; प्रोग्रॅम बंद झाला की गेला. कायमचं टिकवायचं असेल तर ती माहिती डेटाबेसच्या टेबलमध्ये एक ओळ म्हणून लिहावी लागते. ऑब्जेक्टची भाषा वेगळी आणि टेबलची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषा ठेवतात. जावामध्ये सर्वात जास्त वापरला जाणारा दुभाषा म्हणजे हायबरनेट. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये तो सुरू केला. पुढे २००६ मध्ये जावाने याच पद्धतीचं जेपीए नावाचं प्रमाण ठरवलं, आणि आज मुलं स्प्रिंग बूट वापरतात तेव्हा आतून बहुतेक वेळा हायबरनेटच काम करत असतो.

या दुभाष्याला सतत एक प्रश्न पडतो. समोर आलेला ऑब्जेक्ट नवा आहे, की याची ओळ टेबलमध्ये आधीपासून आहे? नवा असेल तर इन्सर्ट करायचं, जुना असेल तर अपडेट. हे तो कशावरून ठरवतो? बहुतेक वेळा आयडीवरून. आयडीचा रकाना रिकामा असेल तर नवा, भरलेला असेल तर जुना. बस्स, इतकाच त्याचा हिशोब. एरवी तो बरोबर चालतो. नोंद फसली की मात्र हा हिशोब कोसळतो, कारण तेव्हा आयडी भरलेला असतो आणि ओळ मात्र कुठेच नसते.

उदाहरण घेऊ. शाळेत जून महिन्यातले प्रवेश चालू आहेत. लिपिक कागदी जनरल रजिस्टरवरून एकेक नाव संगणकात भरत आहेत. सायलीचं नाव टाकलं, आणि रजिस्टर क्रमांक टाइप केला ४१२७. पण ४१२७ हा ओंकारचा क्रमांक, तो काल भरून झालेला आहे. टेबलवर नियम आहे की रजिस्टर क्रमांक दोनदा येता कामा नये. डेटाबेस नोंद नाकारतो. पोस्टग्रेस असेल तर २३५०५ हा एरर कोड येतो, मायएसक्यूएल असेल तर १०६२. डेटाबेसने इथे अगदी योग्य तेच केलं आहे. पण नोंद नाकारली जाण्याआधी काय घडून गेलं? हायबरनेटने डेटाबेसकडे पुढचा आयडी मागितला, डेटाबेसने ९०१ दिला, आणि हायबरनेटने तो सायलीच्या ऑब्जेक्टमध्ये लिहून टाकला. मगच इन्सर्टचा प्रयत्न झाला, आणि तो फसला.

९०१ परत का येत नाही

डेटाबेसमध्ये असे नंबर वाटणाऱ्या यंत्रणेला सिक्वेन्स म्हणतात. तिची तुलना शाळेच्या पावती पुस्तकाशी करा. पावती लिहिताना चूक झाली तर आपण तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहितो, पावती आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच ठेवतो, आणि पुढची पावती पुढच्या नंबरवर लिहितो. रद्द झालेला नंबर दुसऱ्या पालकाला देत नाही. सिक्वेन्सही तेच करतो. फरक एवढाच की तो 'रद्द' लिहिलेली प्रत जपून ठेवत नाही, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती फट दिसते.

पोस्टग्रेसमध्ये सिक्वेन्समधून एकदा काढलेला नंबर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी परत जात नाही, हे मुद्दाम ठरवलेलं आहे. कारण सोपं आहे. नंबर परत घ्यायचा म्हटलं तर पहिल्याचं काम पुरं होईपर्यंत किंवा फसेपर्यंत बाकी सगळ्यांना थांबावं लागेल. बँकेत टोकन घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच्या माणसाचं काम होईपर्यंत टोकनच मिळालं नाही, तर रांग कशी चालेल? मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्येही फसलेल्या इन्सर्टने नंबर खर्च होऊ शकतो. आणि फट पडायला नोंद फसलीच पाहिजे असंही नाही. जेपीएमध्ये सिक्वेन्स वापरताना वेगळं काही सांगितलं नाही तर दुभाषा एका वेळी ५० नंबरांचा गठ्ठा घेऊन बसतो. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की त्या गठ्ठ्यातले उरलेले नंबर गेले. मुलं घाबरतात, "सर, काल १२ होता, आज ५१ कसा?" घाबरायचं काही कारण नाही.

तेव्हा परीक्षक मित्रहो, आयडीमधली फट हा दोष नाही. त्यावर गुण कापू नका, एवढी विनंती आहे. उलट फट का पडली हे मुलाला सांगता आलं तर दोन गुण जास्त द्या.

खरा घोटाळा : ऑब्जेक्टला काही कळत नाही

आता सायलीकडे परत येऊ. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं. डेटाबेस पूर्ववत झाला, टेबलमध्ये सायलीचा मागमूस नाही. पण मेमरीतल्या सायलीच्या ऑब्जेक्टचं काय? रोलबॅक ही डेटाबेसची सोय आहे. मेमरीतल्या ऑब्जेक्टला कोणी मागे नेत नाही. त्याच्या खिशात अजून ९०१ ची चिठ्ठी आहे.

लिपिक चूक दुरुस्त करतात, ४१२७ चं ४१२९ करतात आणि पुन्हा 'जतन करा' दाबतात. प्रोग्रॅमने तोच ऑब्जेक्ट पुन्हा दुभाष्याकडे पाठवला. दुभाषा बघतो : आयडी भरलेला आहे, म्हणजे जुना विद्यार्थी. पुढे काय होईल हे तुम्ही कोणता दरवाजा वापरला यावर अवलंबून आहे.

थेट पर्सिस्ट ही आज्ञा दिली असेल तर ती सरळ नकार देते : हा ऑब्जेक्ट सेशनपासून सुटलेला जुना ऑब्जेक्ट दिसतो, याला नवा म्हणून घेणार नाही. हायबरनेटच्या जुन्या 'सेव्ह ऑर अपडेट' आज्ञेने अपडेट पाठवलं असतं. ९०१ ची ओळच नाही, म्हणून शून्य ओळी बदलल्या, आणि 'एक ओळ बदलायला हवी होती, शून्य बदलल्या' अशी तक्रार आली असती.

स्प्रिंगच्या सेव्हमधून गेलात तर ती आज्ञा आतून मर्ज करते, आणि इथे गंमत आहे. हायबरनेटच्या ६.६ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये मर्जला ९०१ ची ओळ सापडली नाही की तो गुपचूप नवी प्रत बनवून नव्या आयडीने, समजा ९०२ ने, इन्सर्ट करून मोकळा व्हायचा. वरवर काम झालं. पण मर्ज जी प्रत परत देतो तिच्यात ९०२ असतो. हातातल्या मूळ ऑब्जेक्टवर अजून ९०१च. मुलं परत आलेली प्रत बहुधा वापरतच नाहीत. मग लिपिकांनी सायलीचा पत्ता बदलून तिसऱ्यांदा जतन केलं की प्रोग्रॅम तिला पुन्हा नवी समजतो, पुन्हा इन्सर्ट करायला जातो आणि 'रजिस्टर क्रमांक ४१२९ आधीच वापरलेला आहे' असं सांगतो. कोणी वापरला? सायलीनेच!

६.६ पासून हे बदललं. आयडी यंत्रणेने दिलेला आहे, तरी ओळ सापडत नाही, असं दिसलं की मर्ज आता एरर देतो. त्या एररचा मजकूर साधारण असा असतो की ही ओळ दुसऱ्या कोणत्या तरी ट्रान्झॅक्शनने बदलली किंवा काढून टाकली. मूल बिचारं शोधत बसतं की कोणी काढली. कोणीच काढलेली नसते. ती ओळ कधी जन्मालाच आली नव्हती. इंटरनेटवरचे बरेच जुने धडे ६.६ च्या आधीचे आहेत, त्यामुळे 'व्हिडिओत चालतं, माझ्याकडे चालत नाही' ही तक्रार ऐकू आली तर आधी आवृत्ती विचारा.

कोणी म्हणेल, वेबसाइटवर तर प्रत्येक वेळी ऑब्जेक्ट नव्याने बनतो, मग जुना ९०१ टिकतो कसा? फॉर्ममधून. नोंद फसली की प्रोग्रॅम तोच ऑब्जेक्ट घेऊन फॉर्म पुन्हा दाखवतो, आणि आयडी फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यात जाऊन बसतो. पुढच्या वेळी जतन करा दाबलं की तो तिथून परत येतो.

आयडी इन्सर्ट करतानाच मिळतो अशी पद्धत असेल, म्हणजे मायएसक्यूएलचा ऑटो इन्क्रिमेंट, तर ते इन्सर्ट फसल्यावर आयडी रिकामाच राहतो. म्हणून काहींना वाटतं की हा प्रश्न आपल्याला नाही. पण सायलीची ओळ नीट गेली आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे तिच्या फीची ओळ फसली तर? दोन्ही रोलबॅक होतात आणि सायलीच्या ऑब्जेक्टवर आयडी तसाच राहतो. म्हणजे प्रश्न तोच, फक्त थोडा उशिरा भेटतो.

मॅक्स अधिक एक

इथवर जे झालं त्यात त्रास आहे, पण नुकसान नाही. एरर आली, डोकं खाजवलं, वेळ गेला, इतकंच. आता सिक्वेन्स काढून 'सर्वात मोठा नंबर अधिक एक' ही दुरुस्ती लावा आणि तीच गोष्ट पुन्हा घडवा.

कार्यालयात दोन संगणक आहेत. टेबलमध्ये सर्वात मोठा आयडी ९००. पहिल्या संगणकावर सायली भरली जाते. मॅक्स अधिक एक म्हणजे ९०१, तो ऑब्जेक्टवर लिहिला गेला. रजिस्टर क्रमांक चुकला, नोंद फसली. टेबलमध्ये सर्वात मोठा आयडी अजून ९००च आहे. लिपिक पान उलटून बरोबर क्रमांक शोधत आहेत. तेवढ्यात दुसऱ्या संगणकावर आरोही भरली जाते, रजिस्टर क्रमांक ४१२८. मॅक्स अधिक एक, ९०१. कुठेही अडचण नाही, आरोहीची नोंद ९०१ वर व्यवस्थित बसली.

आता पहिले लिपिक सायलीचा क्रमांक ४१२९ करून जतन करा दाबतात. ऑब्जेक्टवर आयडी आहे ९०१. मर्ज टेबलमध्ये बघतो, ९०१ ची ओळ सापडते. छान, म्हणजे जुना विद्यार्थी! तो त्या ओळीचं नाव, जन्मतारीख, पालकांचं नाव, रजिस्टर क्रमांक, सगळं सायलीच्या माहितीने बदलून टाकतो. एरर नाही. इशारा नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरात 'विद्यार्थी यशस्वीरीत्या जतन झाला'. आयडी ८९९, ९००, ९०१ अगदी ओळीने आहेत. आरोही मात्र टेबलमधून गेली, आणि हे कळणार कधी? कदाचित गणवेशाची यादी काढताना. कदाचित काही वर्षांनी तिचे पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतील तेव्हा.

दोन्ही लिपिकांची काही चूक नव्हती. फट बुजवायचा हट्ट, एवढंच कारण. सिक्वेन्स असता तर आरोहीला ९०२ मिळाला असता, आणि सायलीच्या खिशातली ९०१ ची शिळी चिठ्ठी कोणाच्याच ओळीला लागू झाली नसती. ती फट म्हणजे दोन मुलींच्या मध्ये उभी असलेली भिंत होती.

आपण मॅक्स अधिक एक न लिहिताही हे होऊ शकतं, हेही मुलांना सांगावं. मायएसक्यूएल ८.० च्या आधी इनोडीबीचा ऑटो इन्क्रिमेंटचा आकडा फक्त मेमरीत असायचा. सर्व्हर पुन्हा चालू झाला की तो टेबलमधला सर्वात मोठा नंबर बघून तिथून पुढे मोजायला लागायचा. म्हणजे शेवटचे काही नंबर फसले किंवा काढून टाकले असतील तर तेच पुन्हा वाटले जायचे. ८.० पासून हा आकडा जपून ठेवला जातो. मोबाइल ॲपमध्ये वापरला जाणारा एसक्यूएललाइट साध्या पूर्णांकी प्रायमरी कीला आजही एरवी सर्वात मोठा अधिक एक हाच नियम लावतो. नंबर पुन्हा वापरला जाऊ नये असं वाटत असेल तर टेबल बनवताना ऑटो इन्क्रिमेंट हा शब्द वेगळा लिहावा लागतो.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, इन्सर्ट फसलं की ते ट्रान्झॅक्शन संपलं असं समजायचं. पोस्टग्रेस तर तुम्हाला दुसरा पर्यायच देत नाही. एक आज्ञा फसली की आधी सेव्हपॉइंट ठेवला नसेल तर रोलबॅक करेपर्यंत पुढची प्रत्येक आज्ञा तो नाकारतो. मायएसक्यूएल दुहेरी नोंदीच्या एररवर फक्त ती एक आज्ञा मागे घेतो आणि ट्रान्झॅक्शन चालू ठेवतो. ते सोयीचं वाटतं, पण त्यामुळे अर्धं काम झालेलं आणि अर्धं न झालेलं अशी खिचडी कमिट होऊ शकते. हायबरनेटचा नियमही स्पष्ट आहे : सेशनने एरर फेकली की ते सेशन बंद करा आणि टाकून द्या. त्यातले ऑब्जेक्ट आणि टेबलमधल्या ओळी यांचा मेळ आता बसेलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फसलेला ऑब्जेक्टही टाकून द्यायचा. हुशार मुलं इथे सुचवतात, "मग आयडी परत रिकामा करू की." सायली एकटी असेल तर एखादे वेळी जमेल. पण तिच्या ऑब्जेक्टला फीच्या नोंदी जोडलेल्या आहेत, त्यांनाही आयडी मिळून गेलेले असू शकतात. शिवाय पर्सिस्ट करताना हायबरनेट आपल्या साध्या याद्यांच्या जागी स्वतःच्या याद्या बसवतो, आणि त्या त्या सेशनशी बांधलेल्या असतात. काय काय रिकामं करणार? आणि एक सुटलं तर?

त्यापेक्षा माणसाने टाइप केलेली माहिती आणि टेबलशी जोडलेला ऑब्जेक्ट या दोन गोष्टी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवा. फॉर्मसाठी एक साधा ऑब्जेक्ट असू दे, त्यात आयडीचा रकानाच नको. जतन करा दाबलं की ट्रान्झॅक्शनच्या आत त्या माहितीवरून नवा विद्यार्थी ऑब्जेक्ट बनवा. यशस्वी झाला तर उत्तम, फसला तर तो तिथेच सोडून द्या. लिपिकांनी टाइप केलेलं सगळं फॉर्मच्या ऑब्जेक्टमध्ये सुरक्षित आहे, त्यांना पुन्हा लिहावं लागत नाही. पुढच्या वेळी पुन्हा कोरा ऑब्जेक्ट, रिकामा आयडी. प्रवेश अर्ज आणि जनरल रजिस्टर आपण कागदावर वेगळेच ठेवतो ना? अर्जावर खाडाखोड चालते, रजिस्टरवर नाही. तीच शिस्त इथे.

आधीपासून असलेल्या विद्यार्थ्याची दुरुस्ती करायची असेल तर वेगळा रस्ता ठेवा : आयडीवरून ओळ आधी वाचा, ती नसेल तर तिथेच थांबा, असेल तर बदल करा. 'नवा' आणि 'दुरुस्ती' ही दोन वेगळी बटणं, दोन वेगळ्या आज्ञा. कोणता नवा आणि कोणता जुना हे प्रोग्रॅमला माहीत असताना दुभाष्याला अंदाज करायला लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एरर पकडायची कुठे, इथेही मुलं हमखास अडकतात. सेव्हच्या ओळीभोवती ट्राय आणि कॅच लावतात आणि म्हणतात, "कॅचमध्ये येतच नाही." येणार कसं? सिक्वेन्स असेल तर सेव्हच्या ओळीवर फक्त नंबर घेतला जातो. खरं इन्सर्ट फ्लश होताना, बहुधा कमिटच्या वेळी, जातं. तोपर्यंत मेथड संपलेली असते. म्हणून कॅच ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, म्हणजे ती मेथड जिथून बोलावली तिथे लावायचा. आत पकडून गिळून टाकली तर आणखी गोंधळ होतो. ट्रान्झॅक्शनवर रोलबॅकची खूण झालेली असेल, तर शेवटी कमिट करताना 'हे तर रोलबॅक होणार होतं' अशी दुसरीच एरर बाहेर येते आणि मूळ कारण झाकलं जातं.

पकडलेली एरर माणसाला समजेल अशा शब्दांत दाखवा. त्यासाठी टेबलवरच्या प्रत्येक नियमाला नाव द्या. मग कोणता नियम मोडला ते एररमधून कळतं आणि 'हा रजिस्टर क्रमांक आधीच वापरला आहे' असा मराठी संदेश देता येतो. आधी शोधून बघायचं आणि नसेल तर इन्सर्ट करायचं, एवढ्यावर मात्र विसंबू नका. शोधणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या संगणकावरून तोच क्रमांक येऊ शकतो. नियम टेबलवरच हवा.

आणि कधी कधी नियमच चुकीचा असतो, हेही तपासा. पालकांचा मोबाइल नंबर दोनदा येऊ नये असा नियम मुलं हौसेने घालतात. मग धाकट्या भावाचा प्रवेश काही केल्या होत नाही!

सगळ्याच एरर माणसाकडे न्याव्या लागत नाहीत. दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांत अडकली, म्हणजे डेडलॉक झाला, तर पोस्टग्रेस ४०पी०१ हा कोड देतो. तिथे काही क्षण थांबून आपोआप पुन्हा प्रयत्न करणं योग्य आहे. फक्त तो प्रयत्नही नव्या सेशनने आणि नव्या ऑब्जेक्टने. २३५०५ आला तर हजार वेळा प्रयत्न केला तरी हजार वेळा फसणारच, कारण क्रमांकच चुकीचा आहे. (आणि दरवेळी सिक्वेन्समधला एकेक नंबर जाईल तो वेगळाच.)

पायथॉनवाल्या मुलांसाठी थोडं. जँगोमध्येही ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाल्यावर मॉडेलच्या रकान्यांमधल्या किमती आपोआप पूर्ववत होत नाहीत, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. आणि आयडी भरलेला असेल तर त्याचा सेव्ह साधारणपणे आधी अपडेट करून बघतो, एकही ओळ बदलली नाही तर मग इन्सर्ट करतो. रुबी ऑन रेल्स मात्र रोलबॅक झाल्यावर ऑब्जेक्टचा आयडी आणि 'हा नवा आहे' ही खूण दोन्ही मागे नेतो. म्हणजे प्रश्न सगळीकडे एकच, उत्तरं वेगवेगळी. म्हणून एका भाषेतली सवय दुसरीकडे तशीच नेऊ नये.

राहिला जनरल रजिस्टरचा क्रमांक. तो ओळीनेच हवा, त्यात फट चालणार नाही, हे खरं आहे. पण तो क्रमांक म्हणजे आयडी नव्हे. आयडी हा प्रोग्रॅमच्या आतला, कोणाला दाखवायचा नसलेला नंबर आहे. रजिस्टर क्रमांक दाखल्यावर छापला जातो. दोघांना दोन वेगळे रकाने द्या. रजिस्टर क्रमांक संगणकानेच द्यायचा असेल तर एक छोटं टेबल ठेवा, ज्यात 'शेवटचा दिलेला क्रमांक' ही एकच ओळ असेल. प्रवेशाच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ एकने वाढवा आणि मिळालेला आकडा वापरा. ती साधी ओळ असल्यामुळे रोलबॅक झालं की आकडाही मागे येतो, फट पडत नाही. दोन संगणकांपैकी दुसऱ्याला पहिल्याचं होईपर्यंत थांबावं लागेल. रेल्वेच्या आरक्षणाला ही पद्धत परवडणार नाही, शाळेच्या प्रवेशाला सहज परवडते.

वर्गात करून बघण्यासाठी

पोस्टग्रेसमध्ये एक विद्यार्थी टेबल बनवा : आयडी सिक्वेन्सने येणारा आणि रजिस्टर क्रमांक दोनदा न चालणारा. तीन नोंदी घाला. मग चौथी नोंद मुद्दाम जुन्याच रजिस्टर क्रमांकाने घाला आणि फसू द्या. पाचवी बरोबर घाला. आयडी १, २, ३, ५ असे दिसतील.

आता हेच हायबरनेटमधून करा. सिक्वेन्सचा गठ्ठा ५० ऐवजी १ ठेवा, नाहीतर आकडे बघताना गोंधळ होईल. कॅचमध्ये एक ओळ लिहा, जी फसलेल्या ऑब्जेक्टचा आयडी छापेल. मग तोच आयडी टेबलमध्ये शोधायला सांगा, शून्य ओळी येतील. मुलांना वहीत लिहू द्या की हा आकडा कोणी दिला, कधी दिला, आणि तो ऑब्जेक्ट आत्ता पुन्हा सेव्ह केला तर त्यांच्या आवृत्तीत नेमकं काय होईल. लिहून झाल्यावरच सेव्हची ओळ चालवायची.

शेवटी सिक्वेन्स काढून मॅक्स अधिक एक लावा, आणि दोन मुलांना दोन संगणकांवर बसवून सायली आणि आरोहीचा प्रसंग घडवून आणा. नावं वर्गातल्याच दोघांची घेतलीत तर आणखी बरं. आपली ओळ गायब झालेली बघितली की पुढचं फारसं समजावून सांगावं लागत नाही.